'दहा मिनिटांत अ‍ॅप': घड्याळ कुठं थांबवलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'दहा मिनिटांत तुमचं स्वतःचं अ‍ॅप' अशा धर्तीचे मथळे हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. काय हवं ते एआयला साध्या भाषेत सांगा, कोड तो लिहील, असा त्यांचा सूर असतो. माझी तक्रार त्यातल्या दहा मिनिटांबद्दल आहे. अ‍ॅप बनतं, याबद्दल काही म्हणणं नाही. मीही एक बनवलंय आणि गेले काही महिने ते रोज वापरात आहे. मी प्रोग्रामर नाही. मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, आणि एक्सेलच्या पलीकडे कॉम्प्युटरशी माझा कधी संबंध आला नव्हता.

अ‍ॅप आहे ड्युटी चार्टचं. अठरा जणी, तीन पाळ्या आणि महिनाभराचे चौकोन. एकीची रजा मंजूर केली की चौघींच्या पाळ्या हलतात. त्या चौघींतल्या एकीनं आधीच रविवार मागून ठेवलेला असतो. हे काम वर्षानुवर्षं पेन्सिल आणि खोडरबरावर चाललं. संगणक विभागाकडे मी विचारणा केली होती. एका वॉर्डसाठी वेगळं सॉफ्टवेअर करणं परवडत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाजारात रोस्टरची सॉफ्टवेअरं मिळतात, पण ती अख्ख्या हॉस्पिटलसाठी असतात आणि त्यांचे नियम आपण पाळायचे असतात. अठरा जणींसाठी सॉफ्टवेअर लिहायला कोणी बसत नाही. आता त्या अठरा जणींतलीच एक ते लिहून घेऊ शकते. माझ्या मते बातमी ही आहे, आणि नेमकी तीच मथळ्यात येत नाही.

सुरुवातीला मी एआयला एवढंच लिहिलं की, नर्सेसचा ड्युटी चार्ट करणारं अ‍ॅप हवंय. बघता बघता स्क्रीनवर चार्ट उभा राहिला. वर तारखा, डावीकडे नावं (तीही त्यानंच ठेवलेली), लॉगिनचं पान, डोळ्यांना त्रास नको म्हणून काळी पार्श्वभूमी, आणि 'कर्मचारी समाधान' दाखवणारा एक गोल आलेख. त्यातली टक्केवारी कुठून आली ते देव जाणे. बातमीदारानं घड्याळ इथं थांबवलं असतं तर दहा मिनिटंही भरली नसती. वॉर्डात मात्र तो चार्ट एक दिवसही चालला नसता.

मग मी कॉम्प्युटर बंद केला, वही घेतली आणि चार्ट लावताना माझ्या डोक्यात काय चालतं ते लिहायला बसले. खरा वेळ गेला तो इथं. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला लगेच सकाळची ड्युटी द्यायची नाही, हे कोणीही सांगेल. पण नवीन रुजू झालेल्या दोघींना एकाच रात्री एकत्र टाकायचं नाही. सलग चारपेक्षा जास्त नाइट नकोत, पण एखादी परीक्षेला बसलेली असते, तिला उलट सलग नाइट सोयीच्या पडतात. म्हणून तिच्या लेखी विनंतीवर हा नियम तिच्यापुरता बाजूला ठेवायचा. प्रत्येक पाळीत निदान एक अनुभवी हवी. आता अनुभवी कोण? नोकरीची वर्षं मोजून ते ठरत नाही. रात्री दोन वाजता पेशंट अचानक खालावला तर डॉक्टर पोचेपर्यंत जी निभावून नेईल ती अनुभवी. हे कॉम्प्युटरला कसं सांगायचं? शेवटी नावापुढे एक खूण ठेवली, आणि ती कोणाला द्यायची हा निर्णय माझ्याकडे ठेवला. यातले निम्मे नियम आजवर कुठं लिहिलेलेच नव्हते. माझ्या आधीच्या इन्चार्ज सिस्टरनी ते मला तोंडी दिले, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. अ‍ॅप पुढंमागं बंद पडलं तरी नियमांची ही वही वॉर्डात राहील, एवढा फायदा कॉम्प्युटर पुन्हा सुरू करण्याआधीच झाला होता.

नियम दिल्यावर अ‍ॅप सुधारलं. पण 'सुधारलं' म्हणजे काय, तेही सांगते. रात्रपाळी आमच्याकडे रात्री आठ ते सकाळी आठ. अ‍ॅपनं संपायच्या वेळेतून सुरू व्हायची वेळ वजा केली, म्हणजे आठातून वीस गेले, उरले उणे बारा तास. जिनं सर्वांत जास्त नाइट केल्या, तीच महिनाअखेरीस हॉस्पिटलचं देणं लागत होती! ही चूक हसू आणणारी असते, म्हणून चटकन दिसते. दुसरी तशी नव्हती. अ‍ॅप प्रत्येक महिना कोरा धरून सुरू करत होतं, जणू एक तारखेला सगळ्याजणी घरून झोप काढून ताज्यातवान्या येतात. एकतीस तारखेच्या नाइटवाल्या सिस्टरला एक तारखेची सकाळ भरली तरी त्याचं काही म्हणणं नव्हतं. त्या त्या महिन्याचं पान सुटं पाहिलं तर एकही नियम मोडलेला दिसत नाही. हा प्रश्न त्या साधनाला सुचला नाही, आणि एखाद्या अनोळखी प्रोग्रामरलाही सुचला नसता. चार्ट लावणाऱ्या बाईला तो सुचतो, कारण एक तारखेच्या सकाळी 'सिस्टर, मी आत्ताच नाइट उतरले आहे हो' असा फोन तिलाच येतो.

तिसरी चूक मी जरा सविस्तर सांगते, कारण ती कोणाच्याही अ‍ॅपमध्ये निघू शकते. चौदा तारखेची रजा नोंदवली की ती पंधराच्या चौकोनात उमटायची. सगळ्याच रजा अशा एक घर पुढे. मी एआयला म्हटलं, तारीख एका दिवसानं चुकतेय. लगेच दिलगिरी, लगेच दुरुस्ती, आणि रजा बरोबर चौकोनात. पण आता रविवारांची बेरीज चुकायला लागली. त्यानं मूळ कारण शोधलंच नव्हतं. रजा दाखवताना एक दिवस इकडचा तिकडे करून वरवर जुळवून दिलं होतं. तेव्हा मी लिहिलं, 'आता काहीही दुरुस्त करू नकोस. असं का होतंय तेवढंच समजावून सांग.' या एका वाक्यानं फरक पडला. कारण असं निघालं: वेब पानांमागचा कोड ज्या जावास्क्रिप्ट भाषेत लिहितात तिथं 'पंधरा तारीख' ही निव्वळ तारीख म्हणून न ठेवता बऱ्याचदा 'पंधरा तारखेच्या मध्यरात्रीचा क्षण' म्हणून ठेवली जाते. तो क्षण जागतिक प्रमाणवेळेत लिहिला की, ज्याचं घड्याळ ग्रीनिचच्या पुढे चालतं अशा कुठल्याही देशासाठी तिथं अजून चौदा तारीखच असते. चार्टचे चौकोन या पद्धतीनं लिहिले जात होते आणि रजा साध्या तारखेनं. म्हणून चौदाची रजा पंधराला जाऊन चिकटायची. उपाय साधा होता. घड्याळ मध्ये आणायचंच नाही, तारीख सगळीकडे वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरात ठेवायची. तेव्हापासून काहीही बिघडलं की मी आधी कारण विचारते. त्याच्या उत्तरातलं सगळंच मला कळतं असं नाही, पण ते कारण सांगतंय की नुसतं गुळमुळीत बोलतंय, एवढं कळतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांकडे पाहूनही ते कळतं.

या चुका सापडल्या कशा? मागच्या महिन्याचा कागदावरचा चार्ट मी जसाच्या तसा अ‍ॅपमध्ये भरला होता. उत्तर आधीच माहीत होतं. त्यानंतर मुद्दाम चुकीच्या नोंदींची एक यादी केली: नाइटनंतर सकाळ, दोघी नवीन एकत्र, सलग पाचवी नाइट, रजेवर असलेलीला ड्युटी, महिना बदलतानाची ती एकतीस आणि एक. यातली प्रत्येक नोंद भरल्यावर चौकोन लाल व्हायलाच हवा. अ‍ॅपमध्ये काहीही बदल केला, अगदी छपाईचं बटण घातलं, तरी ही सगळी यादी पुन्हा भरून बघायची. हे जाचक वाटेल, पण गरज आहे. छपाईचं बटण घालताना त्यानं संपूर्ण फाइल नव्यानं लिहिली आणि मागच्या महिन्याकडे पाहण्याची सोय त्यात गळून पडली. सांगितलं काहीच नाही. यादी होती म्हणून त्याच दिवशी कळलं. संभाषण लांबत गेलं की सुरुवातीला दिलेले नियम त्याच्या हातून निसटतात. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाआधी चालू फाइलची तारीख घातलेली प्रत. माझ्या भाच्यानं, तो या धंद्यातला आहे, सांगितलं की प्रोग्रामर लोक हेच करतात, फक्त त्यासाठी त्यांच्याकडे चांगली साधनं असतात.

पाळ्या आपोआप भरून द्यायचं काम मात्र मी अ‍ॅपला दिलेलं नाही. 'स्वयंचलित चार्ट तयार करू का?' असं एआय आपणहून विचारत होतं. नर्सच्या पाळ्या लावणं हे गणितातलं नाव असलेलं कोडं आहे, आणि ते फार अवघड वर्गातलं मानलं जातं. संशोधक त्यावर कित्येक दशकं काम करतायत. पण मी नाही म्हटलं ते त्यामुळे नाही. सणाच्या दिवशी नाइट आली की सिस्टर माझ्यासमोर येऊन विचारते, 'माझ्याच वाट्याला का?' गेल्या खेपेला कोणी केली, तिच्याआधी कोणी, हे मला सांगता आलं पाहिजे. 'कॉम्प्युटरनं दिली' हे उत्तर दिलं की त्या दिवसापासून माझं इन्चार्जपण संपलं. म्हणून पाळ्या मी भरते, अ‍ॅप फक्त चुकलं तिथं टोकतं. हो, आणि लाल रंगाचा एक गोंधळ. नोटीस बोर्डावर लागते ती काळी-पांढरी झेरॉक्स, तिच्यात लाल आणि हिरवा एकसारखेच करडे दिसतात. आता रंगाबरोबर अक्षरही छापलं जातं.

काही प्रोग्रामर मंडळी या सगळ्याला खेळणं म्हणतात. त्यांना एवढंच आठवण करून देते की, १९७९ साली व्हिसीकॅल्क हे एक्सेलच्या जातीचं पहिलं स्प्रेडशीट घरगुती कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा प्रोग्राम लिहिता न येणाऱ्या हिशेबनिसांना स्वतःची गणितं स्वतः मांडता आली. त्यानंतर अर्ध्या जगाचा कारभार या चौकोनांवर चालला. पण दुसरी बाजूही तिथंच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले होते. प्रयोगशाळांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या जात होत्या आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. पुढच्या ओळी नोंदल्याच गेल्या नाहीत. रुग्णांना त्यांचे निकाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. स्क्रीनवर धोक्याची खूण नाही, काही अडलं नाही, यादी आपली व्यवस्थित दिसत होती. मला भीती या प्रकारची वाटते. बंद पडलेलं अ‍ॅप सगळ्यांना दिसतं. चालू असलेलं आणि चुकीचं कोणाला दिसणार?

वेळेबद्दलही एक गोष्ट छापण्यासारखी आहे. एमईटीआर या संशोधन संस्थेनं जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा अनुभवी प्रोग्रामर, काम त्यांच्याच ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांवरचं, काही कामं एआय वापरून आणि काही न वापरता. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढे आहे. काम संपल्यावर त्याच लोकांना वाटत होतं की आपला वेळ सुमारे २० टक्के वाचला. हा आकडा मला लागू करू नये. ते तरबेज आणि त्यांचे प्रकल्प जुने. मी शून्यातून निघालेली, माझ्या हातून हे एरवी झालंच नसतं. शिवाय साधनंही त्यानंतर पुढे गेली आहेत. पण किती वेळ लागला हे वापरणाऱ्याला विचारून कळत नाही, एवढं त्यातून घेता येईल. मग दहा मिनिटांचा दावा कोणाला विचारून छापला जातो? 'व्हाइब कोडिंग' हे नाव रूढ करणारे एआय संशोधक आंद्रेय कर्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ती रीत सांगितली, ती कोडकडे न पाहता मनात येईल ते सांगत सुटण्याची. त्याच टिपणात त्यांनी हेही म्हटलं होतं की सुट्टीच्या दिवशी करून टाकून द्यायच्या प्रकल्पांना हे बरं आहे. ते वाक्य मथळ्यापर्यंत पोचत नाही.

चार्ट ठेवलाय कुठं, हा प्रश्न मला कोणीच विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते. सगळं अ‍ॅप म्हणजे एक एचटीएमएल फाइल, आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये उघडणारी. इंटरनेटवर काही नाही. नोंदी त्या ब्राउझरच्या साठवणीत राहतात. याचा अर्थ दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली तर चार्ट रिकामा दिसतो, आणि कोणी उत्साहानं ब्राउझरची साफसफाई केली तर नोंदी गेल्या. ज्यांना असं अ‍ॅप संकेतस्थळावर ठेवून आयफोनवर वापरायचंय त्यांच्यासाठी आणखी एक: सफारी (आयफोनचा ब्राउझर) २०२० पासून, ती सात दिवस वापरात असूनही त्या स्थळाकडे फिरकलं नाही की असा डेटा आपणहून पुसते; होम स्क्रीनवर घेतलेल्या अ‍ॅपला तेवढी सूट आहे. म्हणून आमच्याकडे दर शनिवारी नोंदींची फाइल बाहेर काढून ठेवतात. ती फाइल एक्सेलमध्ये उघडली तेव्हा सगळ्या सिस्टरांची मराठी नावं भलत्याच परक्या अक्षरांत दिसली. अशा सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या) फाइलच्या सुरुवातीला ती यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, आहे हे सांगणारी एक अदृश्य खूण लागते, ती नव्हती. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भेटणार, म्हणून लिहून ठेवते: सांगताना 'एक्सेलमध्ये देवनागरी नीट दिसली पाहिजे' हे आधीच सांगा.

लॉगिनचं ते सुंदर पान मी काढून टाकायला लावलं. भाच्यानं पाहिलं तेव्हा कळलं की पासवर्डची पडताळणी त्या पानातच होत होती, आणि पासवर्डही तिथंच लिहिलेला होता. ब्राउझरमध्ये पानाचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो. कुलूप दिसत होतं, एवढंच. माझ्या अ‍ॅपला लॉगिन लागत नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. जो चार्ट आम्ही नोटीस बोर्डावर लावतो तोच आत आहे. फोन नंबर नाहीत, रजेची कारणं नाहीत, पेशंटचं तर नावही नाही. ज्या दिवशी लॉगिनची गरज पडेल त्या दिवशी हे काम माझ्या आवाक्यातलं राहणार नाही, आणि ते मी जाणकाराकडे देईन. नुसतं चालतंय म्हणून लोकांच्या माहितीवर असं काही उभं करणाऱ्यांच्या कहाण्या कौतुकानं छापू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी दहा मिनिटांत अ‍ॅप केल्याचं सांगत आलं, तर त्याला विचारावं की ते आज कोण वापरतंय, नोंदी कुठं राहतात, आणि चुकीची नोंद भरली तर काय होतं. उत्तरं आली तर जरूर छापा, मी आवडीनं वाचेन.

जाता जाता. चार्टचं ऐकून शेजारच्या वॉर्डमधून मागणी आली, ती फाइल मी नियमांच्या वहीच्या झेरॉक्ससकट दिली. सोबत सांगितलं की आधी माझे नियम खोडा आणि तुमचे लिहा, अतिदक्षता विभागाचं गणित वेगळं असतं. तिथल्या सिस्टर अजून लिहितायत. दुसरी मागणी एका तरुण डॉक्टरांची: याच अ‍ॅपमध्ये पेशंटच्या औषधांच्या वेळा आणि डोसही बसवता येईल ना, म्हणाले. एआय ते लगेच लिहून देईल यात शंका नाही. डोसचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला अनेक देशांत वैद्यकीय उपकरणाचे नियम लागतात आणि त्याची कारणं मी वॉर्डात रोज पाहते. त्यांना मी नाही म्हणून सांगितलं.

आपली विश्वासू,
एक वॉर्ड इन्चार्ज परिचारिका
(नाव व हॉस्पिटलचा उल्लेख प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)